‘रिसर्च असोसिएट’ : नाव एक, नोकऱ्या दोन

नाशिकमध्ये बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा बी.फार्म. करणारी मुलं मला मोबाईलवर दोन जाहिराती दाखवतात. दोन्हींत पद ‘रिसर्च असोसिएट’. एकीत पीएच.डी. हवी, दुसरीत पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. मग विचारतात, “ताई, दुसरी सोपी ना?” सोपी नाही, ती वेगळीच नोकरी आहे. हा फरक वेळेत न कळल्यामुळे पोरांची वर्षं आणि आईवडिलांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

पहिली जाहिरात प्रयोगशाळेतल्या संशोधनाची. सरकारी प्रकल्पांत रिसर्च असोसिएट बहुतेक पीएच.डी. झालेलाच असतो. जानेवारी २०२३पासून त्याचं सुरुवातीचं मानधन महिना ५८,००० रुपये, वर घरभाडं. त्याच्यापुढचा प्रश्न असा असतो, की ज्याचं उत्तर अजून कुणालाच ठाऊक नाही : कर्करोगाच्या या गाठीतल्या पेशी औषधाला दाद का देत नाहीत? मग पेशी वाढवा, डीएनएच्या प्रती काढणारी पीसीआर चाचणी लावा, प्रयोग फसला की पुन्हा मांडा. अशी कामं मुख्यतः पुण्यात एनसीसीएस, एनआयव्ही, आयसर, आघारकर या संशोधन संस्थांत, नाहीतर मुंबईत टीआयएफआर आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये. आपल्याकडे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, त्यामुळे इथेच संशोधनाच्या भरपूर जागा निघत असतील असं पुष्कळांना वाटतं; पण राज्यभरच्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग कॉलेजांची संलग्नता आणि परीक्षा हे त्या विद्यापीठाचं मुख्य काम.

दुसरी जाहिरात नीट वाचली तर पदाच्या नावाआधी ‘क्लिनिकल’ हा शब्द सापडतो. इथे औषध आधीच शोधलेलं असतं. माणसांवर ते सुरक्षित आहे का, लागू पडतं का, हे प्रोटोकॉलनुसार, म्हणजे आधीच लिहून ठरवलेल्या पद्धतीनुसार तपासायचं. प्रोटोकॉलमध्ये आपली कल्पना चालवायची नाही. क्लिनिकल रिसर्च असोसिएट, म्हणजे बोलीत मॉनिटर, औषध कंपनीच्या वतीने गावोगावच्या रुग्णालयांत जाऊन रुग्णाची मूळ कागदपत्रं आणि कंपनीकडे गेलेली नोंद जुळते का ते बघतो. रुग्णालयाच्या बाजूने हे सगळं सांभाळतो तो कोऑर्डिनेटर, आणि ती नोकरी नाशिकमध्ये मिळू शकते.

या कोऑर्डिनेटरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण कॉलेजात हे कुणी सांगत नाही. सुरगाण्याहून आलेल्या बाईंना संमतीपत्र मराठीत समजावायचं, “नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत” हे त्यांना खरोखर पटेपर्यंत. एकविसाव्या दिवशीची तपासणी नेमकी कांदा काढणीत आली, तर आठवडाभर आधीपासून फोन करायचे. रक्ताचे नमुने ठरलेल्या वेळेत सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून ड्राय आइसमध्ये कुरिअरला द्यायचे. रुग्णाला गंभीर त्रास झाला, तर औषधचाचण्यांच्या २०१९च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं. ती कागदपत्रं रात्री बसून तयार करणारा हाच. ज्याला माणसांशी बोलायचा कंटाळा आहे त्याने या कामात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पर्धाही दोन्हीकडे सारखी नाही. प्रयोगशाळेच्या वाटेवर पीएच.डी. करताना फेलोशिप मिळवून देणारी नेट-जेआरएफची परीक्षा अवघड, पण ती निघाली की पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये फेलोशिप मिळते. खरी कोंडी होते तिशीनंतर. पीएच.डी. झालेले, परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन करून आलेले कितीतरी जण मोजक्या कायम जागांसाठी थांबलेले असतात. क्लिनिकलमध्ये कोंडी पहिल्याच दारात. अनुभवाशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय अनुभव नाही. शिवाय तिथे तुमच्या बी.एस्सी.समोर बी.डी.एस., बी.एच.एम.एस., बी.ए.एम.एस. झालेले उमेदवार असतात. एकदा आत शिरलात की कोऑर्डिनेटर, मग मॉनिटर असं पुढे सरकता येतं, मात्र पुढच्या नोकऱ्यांसाठी बहुधा मुंबई, पुणे, हैदराबाद, बेंगळुरू गाठावं लागतं. दुष्परिणामांच्या नोंदी करण्याचं, फार्माकोव्हिजिलन्सचं काम बसून करायचं म्हणून अनेकांना आवडतं. त्यातला साध्या डेटा एन्ट्रीचा भाग आता सॉफ्टवेअरकडे सरकू लागला आहे, हे धरून चाला.

या पहिल्या दाराच्या भीतीपोटीच क्लिनिकल रिसर्चचे महागडे डिप्लोमे विकले जातात. कोऑर्डिनेटर व्हायला असा डिप्लोमा कायद्याने सक्तीचा नाही. जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचण्या नीट कशा करायच्या याच्या नियमांचं) प्रशिक्षण मात्र हवंच, आणि ते प्रमाणपत्रासह ऑनलाइन फुकट मिळतं. आधी ते करा.

अंबड-सातपूरच्या औषध कारखान्यांतलं क्यूसीचं, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्याचं काम या दोन्हींत बसत नाही. नोकरी म्हणून ते चांगलं आहे, पण एचपीएलसी यंत्रावर बॅच तपासण्याच्या अनुभवाला मॉनिटरच्या मुलाखतीत फारशी किंमत मिळत नाही.

आणि क्लिनिकलकडेच जायचं ठरलं असेल, तर सीटीआरआय ही सरकारी नोंदवही उघडा. २००७ साली ती सुरू झाली, जून २००९पासून औषधचाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे, आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. शोधताना नाशिक टाका. कोणत्या रुग्णालयात कोणती चाचणी आहे आणि ती कोणते डॉक्टर बघतात, हे तिथे लिहिलेलं असतं. बायोडाटा आणि जीसीपीचं प्रमाणपत्र घेऊन, ओपीडी आटोपल्यावर, त्या डॉक्टरांना जाऊन भेटा.