आतड्याचा क्षय की क्रोन्स? आठ आठवड्यांच्या निर्णयामागची पार्श्वभूमी

उजव्या कुशीत दुखणे, संध्याकाळी अंगात कणकण, काही महिन्यांत उतरलेले वजन. चंदगड, राधानगरी, गगनबावडा किंवा पलीकडच्या निपाणी-संकेश्वरहून कोल्हापुरात येणाऱ्या अशा रुग्णावर तोवर बहुधा पित्ताचे उपचार झालेले असतात आणि तिखट बंद करून झालेले असते. इथे दुर्बिणीची तपासणी होते. लहान आतडे मोठ्याला मिळते त्या जागी व्रण दिसतात, तुकडा तपासायला जातो आणि अहवाल येतो: ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचे बारीक पुंजके) आहेत, क्षय असू शकतो, क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार, हाही असू शकतो. बहुतेक वेळा क्षयाची औषधे सुरू होतात. ही पद्धत कुठून आली आणि तिच्यावर आज एवढा वाद का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

या दोन आजारांची सरमिसळ जुनी आहे. 1913 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शल्यचिकित्सकाने आतड्याच्या अशा सुजेचे रुग्ण नोंदवले, तेव्हाच त्याला गुरांच्या ‘जोन्स’ रोगाशी साम्य दिसले होते. तो रोग क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदामुळे होतो. 1932 मध्ये न्यूयॉर्कमधून 14 रुग्णांचा निबंध आला आणि क्रोन्स वेगळा आजार म्हणून मान्य झाला, पण गुरांच्या जंतूचा संशय संपला नाही. 2007 मध्ये त्या जंतूवर औषधे देऊन पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात 213 रुग्ण होते आणि तीन प्रतिजैविके दोन वर्षांपर्यंत दिली गेली. सुरुवातीला दिसलेला फायदा पुढे टिकला नाही.

दुधाचा मुद्दा मात्र गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या शहराने लक्षात ठेवावा असा आहे. युरोपात पाश्चरायझेशन येण्याआधी मुलांच्या पोटाच्या क्षयाचे मोठे कारण गुरांच्या क्षयाचे जंतू असलेले कच्चे दूधच होते. आपल्याकडे घरोघर दूध तापवले जाते, म्हणून ती वाट अरुंद राहिली आणि आतड्याचा क्षय बहुतांशी माणसाकडूनच येणाऱ्या जंतूचा राहिला. पण म्हैस समोर पिळून हातात दिलेला पेला तापवलेला नसतो.

सुजेवरच्या औषधांचा आरंभ सांध्यांपासून झाला. सल्फासलाझिन स्वीडनमध्ये संधिवातासाठी तयार झाले आणि कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या सुजेच्या) रुग्णांनाही त्याचा गुण आला. 1955 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने कोलायटिसमध्ये कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा उपयोग दाखवला. तिथून स्टेरॉइड हा आतड्याच्या सुजेवरचा हुकमी उपाय झाला, आणि भारतातली अडचणही तिथूनच सुरू होते. क्रोन्स समजून क्षयाच्या रुग्णाला स्टेरॉइड दिले, तर आटोक्यातला जंतू शरीरभर पसरू शकतो.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे इथल्या डॉक्टरने आधी क्षय धरून चालणे स्वाभाविक होते. चाचण्याही फारशी साथ देत नाहीत. आतड्याच्या तुकड्यात जंतू क्वचित दिसतो. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, कित्येक आठवडे लागतात. जंतूची जनुके शोधणारी जीन-एक्सपर्ट चाचणी पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवता येतो, पण निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही. कातडीत टोचून करायची मॅन्टू चाचणी तर अनेक धडधाकट माणसांचीही पॉझिटिव्ह येते. म्हणून चार औषधे सुरू करायची आणि गुण येतो का बघायचे, असा रिवाज पडला. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, सर्रास होत नव्हती तेव्हा भूक, ताप आणि वजन एवढ्यावरच निकाल लागे. कोर्स सहा महिन्यांचा की नऊ, यावरही बराच काळ एकमत नव्हते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत सहा महिने तितकेच परिणामकारक ठरले आणि 2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने तेच स्वीकारले.

‘गुण आला’ हा निकष इथेच फसतो. क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांवर काही काळ बरे वाटते, पण आतले व्रण भरत नाहीत. क्षयात मात्र बहुतेकांचे व्रण दोन महिन्यांत भरलेले दिसतात. त्यामुळे आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालणे हा या उपचाराचा गाभा आहे आणि नेमके तेच सुटते. ‘गुण आलाय की, परत कशाला दुर्बीण?’ हा रुग्णाचा प्रश्न रास्त वाटतो. तपासणीआधी दोन लिटर पाण्यात पावडर कालवून ते संपवायचे आणि मग तासन्‌तास संडासाजवळ राहायचे. चंदगडहून शंभरेक किलोमीटर एसटीने येणाऱ्याला हे जमत नाही, त्याला आदल्या रात्रीच कोल्हापुरात मुक्काम करावा लागतो. ऊसतोड चालू असेल तर तारीख पुढे जाते ती जातेच.

किंमत रुग्णाच्या आतड्याला मोजावी लागते. क्रोन्स असताना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे घेतली, तर तेवढ्या काळात आतडे अरुंद होत जाते आणि शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. यकृतावरचा ताण वेगळाच. दोन्ही दगडांवर पाय ठेवून क्षयाच्या औषधांबरोबर स्टेरॉइड देण्याचा मोह होतो, पण क्षयाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे स्टेरॉइडचा प्रभाव घटतो आणि निदान आणखी धूसर होते. व्रण भरले नाहीत तर औषधाला दाद न देणारा क्षयही डोक्यात ठेवावा लागतो. माझ्या मते उपचार सुरू करतानाच दुसऱ्या तपासणीची तारीख कागदावर लिहून द्यायला हवी. क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, पोषणासाठी पैसेही मिळतात. क्रोन्सचा खर्च बहुतेकांच्या खिशातून जातो. हा फरक निर्णयावर वजन टाकतो, हे मान्य केले पाहिजे.

नव्या औषधांनी हा गुंता वाढवला. 1998 मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब मंजूर झाले. 2001 मध्ये ते घेतल्यानंतर क्षय झालेल्या 70 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. हे औषध टीएनएफ नावाचे प्रथिन रोखते, आणि सुप्त जंतूला कोंडून ठेवायला शरीराला तेच प्रथिन लागते. म्हणून आता इंजेक्शनआधी छातीचा फोटो आणि सुप्त क्षयाची चाचणी होते. 2014 च्या अखेरीस भारतात त्याच गटातल्या अडॅलिमुमॅबची स्वस्त देशी आवृत्ती आली. सूज रोखणाऱ्या टोफासिटिनिबच्या गोळ्या 2018 मध्ये अमेरिकेत कोलायटिससाठी मंजूर झाल्या, आणि संधिवाताच्या रुग्णांत हृदयविकार व कर्करोगाचा धोका दिसल्यावर 2021 मध्ये तिथे त्यांच्या वापरावर बंधने आली. क्षयाची तपासणी त्यांच्याआधीही करावी लागते.

सध्या भारतातल्या संशोधनाचा एक रोख दुसऱ्या दुर्बिणीला पर्याय शोधण्याकडे आहे. दोन महिन्यांत रक्तातले सीआरपी आणि शौचातले कॅल्प्रोटेक्टिन ही सूज दाखवणारी प्रथिने किती उतरली, यावरून व्रण भरल्याचा अंदाज बांधता येतो. दुर्बिणीची जागा या चाचण्यांनी अजून घेतलेली नाही. पण आकडे उतरले नाहीत, तर त्या रुग्णाला ऊसतोड संपायची वाट न बघता बोलावून घ्यायला पुरेसे कारण मिळते.