गोड वाइन म्हणजे साखर घातलेली? नाय हो!

नाशकात वाइनचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "गोड वाइन म्हणजे साखर ढवळलेली, आणि हायब्रिड द्राक्षाची म्हणजे तर लॅबमधली." आमचा मामा द्राक्ष बागायतदार, तोही हेच म्हणायचा. काही स्वस्त वाइनमध्ये गोडवा वरून घालतात हे खरंय, पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

विदाल या पांढऱ्या हायब्रिड द्राक्षाचंच बघा. युरोपियन द्राक्ष आणि अमेरिकन रक्त असलेली जात यांचा साधा परागीभवनाचा संकर, जीएमचा, म्हणजे लॅबमध्ये जनुकं बदलण्याचा, काही संबंध नाही. आणि मामा, तुमच्या बागेत ज्यावर कलम बांधता तो डॉगरिज खुंट तरी कुठला, अमेरिकनच ना! विदालची साल जाड, म्हणून कॅनडात ते घड हिवाळ्यापर्यंत वेलीवरच ठेवतात आणि उणे ८ डिग्री किंवा त्याखाली गेलं की तोडून गोठलेलेच दाबतात, पाणी बर्फ होऊन मागं राहतं आणि रस निघतो ३५ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) वर. आपण १८ ला माल तोडतो, म्हणजे विचार करा! एवढ्या साखरेत, साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट मध्येच दमतं, उरतो तो गोडवा. तिथं या गोठलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्ये, म्हणजे आइसवाइनमध्ये, वरून साखर घालायला बंदीच आहे.

घेताना आंबटपणा आहे का बघा, नसेल तर नुसता काकवीसारखा चिकटपणा. गार करून छोट्या ग्लासात, दोन घोट. सोबत गुलाबजाम नको, वाइन फिकी पडते. खारे काजू किंवा तिखट चिवडा घ्या, मामाने तर दुसऱ्यांदा ग्लास पुढं केला.