केबिन फिल्टर (मोटारीतील) : तपासणी व बदल, ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात

मोटारीत बसणाऱ्यांपर्यंत पोचणारी हवा गाळणारा, घड्याघड्यांचा चौकोनी फिल्टर. गॅरेजमध्ये त्याला ‘एसी फिल्टर’ म्हणतात. एसी बंद ठेवून नुसता पंखा लावला तरी हवा त्यातूनच जाते, त्यामुळे हे नाव अपुरे आहे. पण रूढ झाले आहे आणि तालुक्याच्या दुकानात याच नावाने मागितला तर लवकर मिळतो. बॉनेटखालच्या काळ्या डब्यातला ‘एअर फिल्टर’ वेगळा. तो इंजिनासाठी, हा माणसांसाठी. सर्व्हिसिंगच्या बिलावर नुसते ‘एअर फिल्टर’ लिहिलेले असेल, तर केबिन फिल्टरला हातही लागलेला नसण्याची शक्यता मोठी असते.

हा फिल्टर पाहणे आणि बदलणे हे काम बहुतेक गाड्यांत पान्याशिवाय, घरच्या अंगणात, दहा-पंधरा मिनिटांत होते. तरी ते राहून जाते. फिल्टर डोळ्यांसमोर नसतो आणि तो तुंबला म्हणून गाडी बंद पडत नाही. बंद पडत नाही त्या वस्तूकडे मार्चपर्यंत कोणी पाहत नाही, आणि मार्चनंतर विदर्भाचे ऊन सुरू झालेले असते.

रचना व कार्य

समोरच्या काचेच्या बुडाशी एक जाळी असते. ब्लोअर म्हणजे आतला पंखा तिथून बाहेरची हवा ओढतो. आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबले की एक झडप फिरते, बाहेरचा मार्ग बंद होतो आणि गाडीतलीच हवा पुन्हा ओढली जाते. आजच्या बहुतेक गाड्यांत फिल्टर या झडपेच्या पुढे असतो, म्हणून दोन्ही प्रकारची हवा त्यातूनच जाते.

फिल्टरच्या पुढे असते ती कूलिंग कॉइल. एसी चालू असताना ती गार असते आणि हवेतल्या ओलाव्याचे तिच्यावर पाणी धरते. फिल्टर नसेल किंवा फाटलेला असेल तर धूळ या ओल्या पात्यांवर बसते, तिचा चिखल होतो, त्यात बुरशी धरते, आणि एसी लावताच ओल्या पोत्यासारखा वास येतो. कॉइल नीट धुवायची तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो. काही शे रुपयांचा फिल्टर वाचवायला जाऊन हजारो रुपयांचे काम ओढवते ते असे.

फिल्टरचे कापड विणलेले नसते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरचे बारीक धागे एकमेकांवर थापून ते केलेले असते. मोठे कण वळणावर वळू शकत नाहीत आणि धाग्यांवर आदळतात. अगदी सूक्ष्म कण भरकटत येऊन धाग्याला चिकटतात. चांगल्या फिल्टरच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभारही असतो, तो मधल्या आकाराचे कण खेचून घेतो. पुढे धुण्याचा प्रश्न येतो तेव्हा हा विद्युतभार लक्षात ठेवावा लागतो. घड्या घातल्यामुळे लहान चौकटीत बरेच कापड मावते, आणि धूळ धरण्याची जागा वाढते.

दुसरा प्रकार सक्रिय कोळशाचा. तो राखाडी-काळा दिसतो आणि धुळीबरोबर धूर, डिझेल यांचा वास व काही वायूही धरून ठेवतो. साध्या फिल्टरला वास अडवता येत नाही.

बाहेरची हवा गाळून आत घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या नॅश कंपनीने 1938 मध्ये तशी सोय असलेली हीटर-व्यवस्था मोटारीत दिली. भारतात मात्र मारुती 800 आणि ओम्नी या गावोगाव पोचलेल्या गाड्या केबिन फिल्टरविनाच होत्या. त्यानंतरच्या काही मॉडेलांत फिल्टरचे घर असते, पण कारखान्यातून येताना त्यात फिल्टर बसवलेला नसतो. म्हणून जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात झाकण उघडून पाहावे. घर रिकामे असले तर योग्य मापाचा फिल्टर बाहेरून आणून बसवता येतो.

किलोमीटर नव्हे, हंगाम

गाडीबरोबरच्या पुस्तिकांत साधारण 10,000 ते 20,000 किलोमीटर किंवा एक वर्ष असा बदलाचा काळ दिलेला असतो, आणि धुळीच्या भागात तो कमी करावा असेही लिहिलेले असते. हे दुसरे वाक्य कोणी वाचत नाही. ग्रामीण विदर्भ धुळीचा भाग आहे. इथली गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालत असेल, पण त्यातले हजार पांदण रस्त्यावरचे आणि मुरमाच्या कच्च्या सडकेवरचे असतील, तर फिल्टरचे वय किलोमीटरच्या काट्यावर कळत नाही. हंगामांवरून कळते.

उन्हाळ्यात काळी माती भेगाळते. बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॅक्टरच्या चाकांखाली तिचा पिठासारखा फुफाटा होतो. पुढे ट्रॅक्टर असला की मागच्या गाडीला काही काळ रस्ता दिसत नाही. ही धूळ इतकी बारीक असते की फिल्टरच्या घड्यांत खोल शिरते. वरून फिल्टर बरा दिसतो, आणि झटकला की ओंजळभर माती पडते.

पावसाळ्यानंतर सोयाबीन निघते. दसऱ्याच्या आसपास वावरावावरात हडंबा (मळणीयंत्र) चालतो आणि रस्त्याकडेला कुटाराचे, म्हणजे मळणीतल्या भुशाचे, ढीग लागतात. कुटाराचे तुकडे हलके असतात, काचेखालच्या जाळीतून सहज आत जातात आणि फिल्टरच्या पहिल्या थरावर साचतात. जानेवारी-फेब्रुवारीत तूर येते. तुरीचा भुसा अंगाला खाजवतो, तसा तो नाकालाही त्रास देतो. मळणीच्या दिवसांत गाडीत बसताच शिंका सुरू झाल्या तर पहिला संशय फिल्टरवर घ्यावा.

कापसाच्या पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा या जिल्ह्यांत, आणखी एक गोष्ट घडते. वेचणी सुरू झाल्यापासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, जिनिंगच्या (सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) आसपासची हवा तंतूंनी भरलेली असते. हे तंतू फिल्टरवर एकमेकांत गुंततात आणि त्यांचा नमद्यासारखा थर तयार होतो. मातीची धूळ झटकून थोडी तरी निघते, हा थर निघत नाही. मात्र तो चिमटीत धरून सोलता येतो, आणि खालचे कापड स्वच्छ असेल तर फिल्टर काही आठवडे आणखी चालतो. जिनिंगमध्ये कापूस घेऊन रोज जाणाऱ्याने हंगामात महिन्यातून एकदा झाकण उघडावे, हे अतिशयोक्त वाटले तरी खरे आहे.

पूर्वेकडे चित्र वेगळे. गोंदिया-भंडाऱ्यात धानाची मळणी आणि राईस मिलचा तूस. चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांत कोळशाच्या खाणी आणि कोळशाचे ट्रक. तिथला फिल्टर काळा होतो, आणि तो काळेपणा कोळशाच्या फिल्टरचा मूळ रंग समजून सोडून देण्याची चूक होते. गडचांदूरकडे सिमेंटची करडी भुकटी, जी ओल लागली की चिकटून बसते. गडचिरोलीत मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि तो वणवा कधी कधी जंगलात पसरतो. त्या महिन्यांत धुरातून रोज प्रवास करणाऱ्याने साध्याऐवजी कोळशाचा फिल्टर घेणे योग्य.

सावलीसाठी गाडी निंबाखाली लावतात. तशी ती लावावीच, 45 अंशांच्या उन्हात दुसरा उपाय नाही. पण निंबाचा फुलोरा आणि वाळलेल्या काड्या काचेखालच्या जाळीत जातात, पहिल्या पावसात भिजतात आणि कुजतात. मिरगाच्या सुरुवातीला गाडीत येणारा आंबूस वास पुष्कळदा याचाच असतो. आठवड्यातून एकदा ती जाळी हाताने साफ केली तर फिल्टरचे बरेच ओझे कमी होते.

‘गॅस संपला’ असे वाटते तेव्हा

एप्रिलमध्ये एसी कमी पडू लागला की गाडीवाला थेट गॅस भरायला जातो. या एका सवयीत सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून ती नीट समजून घ्यावी. एसीचा गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

फरक ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही, तळहात लागतो. पंखा सगळ्यात मोठ्या वेगावर ठेवून डॅशबोर्डच्या जाळीसमोर हात धरावा. हवा गार आहे पण जोर नाही, आवाज मात्र पंख्याचा मोठा येतो, तर फिल्टर तुंबला असण्याची शक्यता पहिली. हवेला जोर आहे पण ती गार नाही, तर गॅस, कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) किंवा समोरचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पाहावा. तिसरी खूण अशी की सुरुवातीला गार हवा येते, तासाभराने जवळजवळ थांबते, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा येते. हवा पुरेशी न गेल्यामुळे कॉइलवर बर्फ धरल्याचे ते लक्षण असू शकते, आणि त्यामागेही फिल्टर असू शकतो. सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे फिल्टर काढून दोन मिनिटे पंखा चालवून पाहणे. जोर एकदम वाढला तर दोष सापडला. फिल्टरविना गाडी चालवू मात्र नये.

थंडीत आणि पावसात काच आतून धुरकट होते आणि लवकर निवळत नाही, तेव्हाही हवा कमी येत असल्याचा विचार करावा. पहाटे बाजारात माल घेऊन निघणाऱ्यासाठी ही आरामाची नव्हे, जिवाची गोष्ट आहे.

काढणे आणि बसवणे

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत फिल्टर डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. काही मॉडेलांत तो कप्प्याखाली पायांकडच्या बाजूला किंवा बॉनेट उघडून काचेच्या बुडाशी सापडतो. गाडी बंद करून किल्ली काढावी. कप्पा रिकामा करावा; त्यातली आरसी, विम्याची कागदपत्रे, शेतीच्या पावत्या एका पिशवीत भराव्यात, नाहीतर एखादा कागद मागच्या पोकळीत पडतो. बाजूला दोरी किंवा छोटा दांडा असेल तर तो सोडवावा. मग कप्प्याच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली झुकतो. मागे एक आडवे झाकण दिसते, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून ते निघते. जोर करावा लागत असेल तर थांबावे, एखादी खिट्टी राहिली आहे. डावीकडे एअरबॅग असलेल्या गाडीत त्याच परिसरात तिची वायर असते. पिवळ्या रंगाच्या जोडणीला हात लावू नये.

फिल्टर ओढण्याआधी त्याच्या कडेवरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते पाहावे, मोबाईलवर फोटो काढला तर उत्तम. फिल्टर आडवाच ठेवून सावकाश बाहेर ओढावा. तिरपा केला की त्यावरचा कचरा ब्लोअरमध्ये पडतो आणि मग पंखा खडखडतो. घर ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसावे. आत पाईपने हवा मारू नये, धूळ कॉइलवर जाऊन बसते.

नवा फिल्टर बाण पाहून, कडा न मुडपता सरकवावा. बाण हवेच्या दिशेचा असतो. उलटा बसवला तर आधाराचा थर चुकीच्या बाजूला येतो आणि फिल्टर लवकर खराब होतो. चौकट आणि घर यांत फट राहिली तर हवा फटीतूनच जाते, म्हणून मापात थोडा लहान पण स्वस्त फिल्टर घेण्यात अर्थ नाही. दुकानात जाताना मॉडेलबरोबर गाडीचे वर्षही सांगावे आणि जुना फिल्टर सोबत न्यावा. चौकटीवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत, कारण पुढच्या वेळी आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

धुवावा की बदलावा

पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर ‘नवा’ करून देतात. जोरदार हवेने धागे विस्कटतात, घड्यांत डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि त्यातून बारीक धूळ सरळ जाते. पाण्याने धुतला तर धाग्यांवरचा विद्युतभार कमी होऊ शकतो, आणि कोळशाच्या फिल्टरची वास धरण्याची ताकद धुऊन परत येत नाही. अडचणीच्या वेळी फिल्टर हलक्या हाताने आपटून, किंवा स्वच्छ बाजूने दुरून मंद हवा देऊन काही दिवस काढता येतात. धुण्याजोगे म्हणून विकलेले स्पंजाचे फिल्टर धुतले तर चालतात, पण त्यांची गाळण जाड असते. साधा फिल्टर उन्हात धरून पाहावा. उजेड आरपार येत नसेल तर बदलावा. कोळशाच्या फिल्टरला ही परीक्षा लागू नाही, तो नवा असतानाही काळाच असतो. त्याच्या घड्या उघडून तळ पाहावा लागतो.

मर्यादा

केबिन फिल्टर कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, कोळशाचाही नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीत बसणे फिल्टर असूनही जीवघेणे ठरते. दहा माणसे भरलेल्या गाडीत तासन्‌तास आतलीच हवा फिरवली तर कार्बन डायऑक्साइड वाढून जडपणा आणि झोप येते, म्हणून धूळ नसलेल्या टप्प्यावर बाहेरची हवा घ्यावी.

फवारणीच्या औषधांबाबत तर कोणताही भ्रम ठेवू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ही घटना इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. साधा फिल्टर औषधाची वाफ अडवत नाही, आणि डबे मागच्या सीटवर ठेवले असतील तर विष फिल्टरच्या अलीकडेच असते. शेतीयंत्रांच्या केबिनसाठी ईएन 15695 हे युरोपीय मानक आहे. त्यात चार वर्ग आहेत, आणि धूळ, तुषार व वाफ या तिन्हींपासून संरक्षण केवळ चौथ्या वर्गात मिळते. मोटारीचा फिल्टर त्या कामाचा नाही.

उंदीर

कोठ्याजवळ (गोठ्याजवळ) किंवा कापसाच्या खोलीलगत उभ्या गाडीत उंदीर शिरतात. काचेखालच्या जाळीतून ते फिल्टरपर्यंत पोचतात, त्याचे कापड कुरतडतात आणि कापूस, सरकी, चिंध्या आणून त्यावर घर करतात. झाकण उघडल्यावर असे काही दिसले तर कोरडे झाडू नये. हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून, जंतुनाशक पाण्याने ओले करून मग काढावे, आणि फिल्टर कितीही नवा असला तरी टाकून द्यावा. हवेच्या वाटेवर बारीक तारेची जाळी बसवून घेतली तर पुन्हा त्रास सहसा होत नाही. जुना फिल्टर पऱ्हाट्यांबरोबर (कापसाच्या वाळलेल्या झाडांबरोबर) जाळू नये. ते कापड प्लास्टिकचे असते, आणि त्यात वर्षभराची धूळ भरलेली असते.