तोंडातील जीवाणूंचे संतुलन

तोंडातील उपद्रवी जीवाणूंना डोईजड होऊ न देता निरुपद्रवी आणि उपकारक जीवाणूंची वस्ती टिकवून धरणे. माणसाच्या तोंडात आजवर सुमारे ७०० जातींचे जीवाणू आढळले आहेत. जिभेचा खरखरीत पृष्ठभाग, दातांमधल्या फटी, हिरडीखालची प्राणवायू न पोहोचणारी खाच अशा प्रत्येक ठिकाणची वस्ती निराळी असते. १६८३ साली डच संशोधक आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने स्वतःच्या दातांवरचा पांढरट थर भिंगाखाली पाहिला, तेव्हा रोज मिठाने दात घासूनही त्यात जीवजंतू वळवळताना दिसले. तोंड निर्जंतुक होत नाही, आणि तसे करायचेही नसते.

बिघाडाचे मूळ बहुधा बाहेरून आलेल्या जंतूत नसते, तोंडातल्या बदललेल्या परिस्थितीत असते. हा विचार ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फिलिप मार्श यांनी १९९४ मध्ये नेमकेपणाने मांडला. गोड खाल्ले की दातांवरच्या थरातील (प्लाकमधील) जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच तिथला पीएच (आम्लता दाखवणारा अंक; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली येतो आणि दाताच्या एनॅमलमधील (बाहेरच्या कठीण आवरणातील) कॅल्शियम व फॉस्फेट झिरपू लागते. लाळेतील बायकार्बोनेट हे आम्ल अर्ध्या ते एका तासात निवळवते, गेलेले क्षारही लाळ काही प्रमाणात परत बसवते. त्यामुळे साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, याला महत्त्व अधिक. गोड पेय घोट घोट करून तासन्‌तास पीत राहिल्यास लाळेला उसंतच मिळत नाही. आम्ल सोसणारे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जीवाणू माजतात आणि आम्ल न सोसणारे मागे पडतात.

हिरड्यांचे गणित वेगळे आहे. दंतसंशोधक हराल्ड लोए व सहकाऱ्यांनी १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला लावले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. प्लाकमध्ये सुरुवातीला गोल जीवाणू होते, पुढे तंतूसारखे आणि मळसूत्री जीवाणू वाढले. घासणे पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवडाभरात सूज उतरली. प्लाकचा थर जुना होऊ न देणे हाच यातला मुख्य उपाय, म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा घासणे आणि ब्रश न पोहोचणाऱ्या फटी दोऱ्याने किंवा बारीक ब्रशने साफ करणे आवश्यक ठरते. प्लाक कडक होऊन दगडासारखे कीटण झाले, तर ते घरी निघत नाही. दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते.

जंतुनाशक माउथवॉशचा सर्रास वापर मात्र शंकास्पद आहे. जिभेवरचे काही जीवाणू भाज्यांतील नायट्रेटचे नायट्राइट करतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनून रक्तवाहिन्या सैलावतात. अशा माउथवॉशमधील क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आपपर न पाहता याही जीवाणूंना मारते, शिवाय दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा हिरड्यांच्या आजारात दंतवैद्याने सांगितल्यास असा माउथवॉश मर्यादित काळ वापरणे योग्य. प्रतिजैविकांच्या दीर्घ वापरानंतर तोंडात कँडिडा ही बुरशी फोफावू शकते. रात्री लाळ फार कमी सुटते, म्हणून निजण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये. औषधांमुळे तोंड कोरडे पडणाऱ्यांना दात किडण्याचा धोका दिवसाही राहतो. त्यांनी वारंवार पाण्याचे घोट घ्यावेत आणि औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.