अमाल्फीत गाडी लावायला जागा का नाही? पार्श्वभूमी एका बंदराची

नोव्हेंबर १३४३ मध्ये दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर मोठं वादळ आलं. नेपल्सपासून सालेर्नोपर्यंत बंदरांची वाताहत झाली आणि अमाल्फीच्या खालच्या भागाचा मोठा हिस्सा समुद्रात गेला. धक्के गेले, वखारी गेल्या. गॅली जहाजं जिथे बांधली जात त्या आर्सेनालेच्या दगडी कमानी आज अर्ध्याच उरल्या आहेत, पुढचा भाग पाण्याने खाल्ला. आज अमाल्फीला गाडीने पोचणारा माणूस ज्या सपाट जागेच्या शोधात फिरत असतो, ती बरीचशी तेव्हाच गेली.

त्याआधीही या गावाला चाकाची गरज नव्हती. अमाल्फी हे सागरी प्रजासत्ताक होतं. कॉन्स्टॅन्टिनोपल आणि इजिप्तपर्यंत त्याचा व्यापार चाले आणि माल येई-जाई तो होडीतून. गावातल्या वाटा म्हणजे पायऱ्या आणि घरांखालून जाणारे अंधारे बोळ. लात्तारी डोंगर ओलांडून पलीकडे जायचं तर खेचर. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये कान्नेतो ओढ्याची चिंचोळी घळ, एवढ्यात सारं गाव मावलेलं.

गाडीरस्ता आला तो नेपल्सवर राज्य करणाऱ्या बुर्बों राजांच्या काळात. १८३२ मध्ये काम सुरू झालं आणि कडा फोडून रस्ता पुरा व्हायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. आजचा एसएस १६३, म्हणजे १६३ क्रमांकाचा सरकारी महामार्ग, तो हाच. पोझितानोच्या अलीकडे सुरू होऊन व्हिएत्री सुल मारेपर्यंत सुमारे ५० किलोमीटर. तो आखला घोडागाडीच्या मापाने, आणि कड्यात कोरलेला असल्यामुळे नंतर रुंद करता आला नाही. १९५७ ची फियाट ५०० जेमतेम २.९७ मीटर लांब आणि १.३२ मीटर रुंद होती. त्या गाड्या समोरासमोर आल्या तर निभावून जायचं. आज भाड्याने मिळणारी मधल्या आकाराची गाडी चार मीटरच्या पुढे आणि आरसे सोडून १.८ मीटरच्या आसपास रुंद असते. वळणावरच्या गोल आरशात बस दिसली की आधीच थांबायचं, कारण बस मागे घेता येत नाही, गाडी येते. भाड्याची गाडी निवडताना या किनाऱ्यासाठी सर्वांत छोटा वर्गच घ्यावा. पैसे वाचतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी खाचेत बसते.

रस्ता एकच, त्यामुळे तो अडला की सगळंच अडतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमाल्फीला लागूनच कडा कोसळून रस्त्यावर आला आणि किनाऱ्याचे दोन तुकडे झाले. डिसेंबर १८९९ मध्येही गावाच्या पश्चिमेला असाच मोठा कडा कोसळला होता आणि माणसं दगावली होती.

रस्ता आला, दुसऱ्या महायुद्धानंतर नेपल्सकडून मोटारवेही आला, पण गाडी ठेवायची कुठे हा प्रश्न तसाच राहिला. अमाल्फीने सपाट जागा तीन ठिकाणी मिळवली: समुद्रासमोर, ओढ्यावर आणि डोंगराच्या पोटात.

समुद्रासमोरची जागा म्हणजे पियात्झा फ्लावियो जोया आणि तिथला धक्का. होकायंत्राचा शोधकर्ता म्हणून ज्याचा पुतळा तिथे उभा आहे, तो माणूस झालाच नसावा, एका लॅटिन वाक्याच्या चुकीच्या वाचनातून तो जन्मला, असं अभ्यासक मानतात. पुतळा मात्र खरोखर कामाचा आहे, कारण बस आणि टॅक्सी त्याच्याभोवतीच वळतात. पर्यटक पहिल्यांदा इथेच येतो, जागा भरलेली पाहून चक्कर मारतो, पुन्हा रस्त्यावर येतो आणि गर्दी वाढवतो. हंगामात सकाळी १० नंतर इथे जागा शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

दुसरी जागा ओढ्यावरची. कॅथेड्रलच्या चौकातून वर जाणारा मुख्य रस्ता हा मुळात कान्नेतोचा प्रवाह. कागदाच्या गिरण्या त्याच पाण्यावर चालत. पुढे त्यावर छत घालून रस्ता केला गेला आणि पाणी आता खालून वाहतं. या किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गावाने हेच केलं, आणि त्याची किंमतही मोजली आहे. २५ आणि २६ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री सालेर्नो, व्हिएत्री, मायोरी, मिनोरी भागात झालेल्या अतिवृष्टीत ३१८ माणसं मेली. ९ सप्टेंबर २०१० रोजी शेजारच्या आत्रानीत झाकलेला द्रागोने ओढा वर उसळला, रस्त्यावरच्या गाड्या वाहत थेट समुद्रात गेल्या आणि एका तरुणीचा जीव गेला. आत्रानी हे क्षेत्रफळाने इटलीतलं सर्वांत छोटं गाव, अवघं ०.१२ चौरस किलोमीटर. तिथे पाण्याला पसरायला वाव नाही. म्हणून शरद ऋतूत ‘आल्लेर्ता मेतेओ’, म्हणजे हवामानाचा इशारा, नारिंगी किंवा लाल असेल तर ओढ्याच्या रस्त्यावर आणि मुखाजवळ गाडी ठेवू नये, ठेवलेली असेल तर पाऊस सुरू होण्याआधी काढावी.

तिसरी जागा डोंगरातली. अमाल्फी आणि आत्रानीच्या मधल्या खडकात बोगदा खणून लूना रोसा हे पार्किंग केलं आहे. तिथून पायी बोगद्याने गावात जाता येतं, रस्त्यावर यावं लागत नाही. गावाला परवडेल असा उपाय आमच्या मते हाच होता, कारण खाली ओढा, वर मध्ययुगीन घरं, आणि १९९७ पासून सगळा किनारा युनेस्कोच्या जागतिक वारशात. आत शिरण्याआधी फलक पाहावा. ‘लिबेरो’ म्हणजे जागा आहे, ‘कोम्प्लेतो’ म्हणजे भरलं. कोम्प्लेतो दिसलं तर दाराशी रांग लावून उभं राहू नये, मागे सगळा किनारा अडकतो. तिकीट गाडीत न ठेवता जवळ घ्यावं, कारण अशा पार्किंगमध्ये सहसा गाडीकडे परतण्याआधी यंत्रावर, म्हणजे ‘कास्सा’वर पैसे भरावे लागतात. पैसे न भरताच गाडीत बसून बाहेर पडायच्या दांड्यापाशी आलात तर मागे हटायला जागा नसते.

आता कायद्याकडे. इटलीत पार्किंगचा विचार आधी नव्या इमारतींसाठी झाला. १९६७ च्या कायद्याने नव्या बांधकामात दर २० घनमीटरमागे १ चौरस मीटर पार्किंग सक्तीचं केलं. १९८९ च्या १२२ क्रमांकाच्या कायद्याने ते दर १० घनमीटरमागे १ चौरस मीटर, म्हणजे दुप्पट केलं. मिलानचे माजी महापौर आणि तेव्हाचे मंत्री कार्लो तोन्योली यांच्या नावाने तो ओळखला जातो. म्हणजे ३०० घनमीटरच्या घराला ३० चौरस मीटर. पण हे सगळं नव्या बांधकामासाठी. आठशे वर्षांच्या घराला हा हिशोब लागतच नाही, म्हणून जुन्या बंदरगावात रहिवाशालाही स्वतःची जागा नसते आणि तो रस्त्यावरच्या जागेसाठी पर्यटकाशीच स्पर्धा करतो.

पर्यटकाला भेटणारे नियम १९९२ च्या रस्ता संहितेतले, १ जानेवारी १९९३ पासून लागू झालेले. रेषांचे रंग तिच्या नियमावलीने ठरवले: पांढरी रेषा फुकट, निळी पैसे देऊन, पिवळी राखीव. राखीव म्हणजे अपंगांसाठी, माल चढवण्या-उतरवण्यासाठी, बऱ्याच गावांत रहिवाशांसाठी. पिवळ्यात ‘पाचच मिनिटं’ हा हिशोब चालत नाही. ‘रिमोत्सिओने फोर्त्साता’ असा फलक असेल तर गाडी उचलून नेतात आणि मग दंडावर उचलण्याचा खर्च वेगळा. पांढऱ्या रेषेतही वेळेची मर्यादा असू शकते. तिथे ‘दिस्को ओरारिओ’, म्हणजे पोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती, काचेमागे ठेवावी लागते. भाड्याच्या गाडीच्या काचेवर ती बहुतेक वेळा असते, ताब्यात घेतानाच पाहून घ्यावी.

मग अमाल्फीत पांढरी रेषा दिसत का नाही? संहितेच्या कलम ७ मध्ये असं म्हटलं आहे की नगरपालिकेने पैशाचं पार्किंग केलं तर त्याच भागात किंवा जवळ पुरेशी फुकट जागाही ठेवली पाहिजे. २००७ मध्ये कॅग्लियारीच्या एका प्रकरणात देशाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हा मुद्दा धरून निळ्या रेषेतला दंड बेकायदा ठरवला, आणि तेव्हापासून ‘फुकट जागा नाही म्हणजे दंड रद्द’ अशी समजूत पसरली. पण त्याच कलमात अपवाद आहेत: पादचारी क्षेत्र, मर्यादित वाहतुकीचं क्षेत्र, आणि २ एप्रिल १९६८ च्या मंत्रालयीन आदेशातला ‘झोना आ’, म्हणजे ऐतिहासिक वस्ती. चिमुकल्या बंदरात या तीन गोष्टी वगळून उरतं काय? त्यामुळे हा वाद घेऊन गेल्याने दंड सहसा सुटत नाही.

निळ्या रेषेतले पैसे ‘पार्कोमेत्रो’ यंत्रावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर भरतात. यंत्र अनेकदा गाडीचा नंबर मागतं. भाड्याच्या गाडीचा नंबर पाठ नसतो, त्यामुळे यंत्रापाशी जाण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढावा. चुकीचा नंबर टाकला तर पैसे भरूनही दंडाची चिठ्ठी लागते. पावती कागदाची असेल तर ती काचेमागे वाचता येईल अशी ठेवायची.

फलकावर वेळेसोबत चिन्हं असतात आणि चुका इथे सर्वाधिक होतात. एकमेकांवर आडवे दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, आणि यात शनिवार येतो. क्रॉस म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस. हातोडे आणि ८ ते २० असं लिहिलं असेल तर रविवारी पैसे नाहीत. क्रॉसही असेल तर रविवारीही भरायचे. पर्यटनगावात दोन्ही चिन्हं असणंच जास्त संभवतं.

मर्यादित वाहतुकीच्या क्षेत्राला इटलीत झेडटीएल म्हणतात. सिएनाने १९६० च्या दशकात जुनं शहर गाड्यांसाठी बंद केलं, मग एकेक शहर त्या वाटेने गेलं, आणि १९९९ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने प्रवेशद्वारी कॅमेरे लावण्याची पद्धत नियमबद्ध झाली. फलकावर ‘वार्को आत्तिवो’ पेटलेलं असतं. अनेकांना ‘आत्तिवो’ म्हणजे दार उघडं वाटतं. अर्थ उलट आहे: कॅमेरा चालू, विनापरवाना आत येऊ नका. ‘नॉन आत्तिवो’ असेल तेव्हाच जाता येतं. हॉटेल आत असेल तर आगमनाआधी गाडीचा नंबर हॉटेलकडे द्यावा आणि नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी. प्रत्येक बेकायदा प्रवेश वेगळा मोजला जातो. रस्ता चुकून तीनदा फिरलात तर तीन दंड.

दंडाची नोटीस भारतात पोचायला वेळ लागतो. पोलीस आधी भाड्याच्या कंपनीला विचारतात. कंपनी चालकाचा पत्ता देते आणि त्या कामाचे पैसे तुमच्या कार्डावरून कापते. हे पैसे म्हणजे दंड नव्हे. परदेशी रहिवाशाला नोटीस पाठवण्यासाठी ३६० दिवसांची मुदत असते. नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरली तर बहुतेक दंडांवर ३० टक्के सूट मिळते. भारतीय परवान्यासोबत आरटीओतून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना गाडीत हवाच, नाहीतर पार्किंगच्या साध्या तपासणीतून वेगळाच दंड उभा राहतो.

२०२२ मध्ये या रस्त्यासाठी आणखी एक नियम आला. सरकारी रस्ते कंपनी अनासने गर्दीच्या दिवसांत सकाळी १० ते संध्याकाळी ६ सम-विषम नंबर लागू केले: विषम तारखेला विषम नंबरच्या आणि सम तारखेला सम नंबरच्या गाड्यांना बंदी. आजच्या इटालियन प्लेटवर दोन अक्षरं, तीन अंक, पुन्हा दोन अक्षरं असतात. त्यामुळे पाहायचा तो प्लेटच्या शेवटचा नव्हे, मधल्या तीन अंकांतला शेवटचा अंक. एए १२३ बीबी ही गाडी विषम. स्थानिक रहिवासी आणि टॅक्सी यांना सूट आहे. तारखा आणि सवलती त्या वर्षीच्या आदेशात तपासाव्यात, आणि शक्य असेल तर १० च्या आत गावात पोचावं.

आमचा सल्ला मात्र गाडी सालेर्नोतच ठेवायचा. पियात्झा देल्ला कोंकोर्दियाचं मोठं पार्किंग रेल्वे स्टेशनजवळ आहे आणि तिथूनच अमाल्फीच्या बोटी सुटतात, साधारण ३५ मिनिटांत पोचतात. बोट हंगामीच, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. निघण्याआधी शेवटच्या परतीच्या बोटीची वेळ लिहून घ्यावी आणि त्याप्रमाणे पार्किंगचे तास भरावेत. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. त्या दिवशी बस घ्यावी. तिकीट आधीच ताबाक्कीच्या, म्हणजे ‘टी’ अक्षराची पाटी असलेल्या दुकानातून घेतलेलं बरं. अमाल्फीत बस त्याच फ्लावियो जोयाच्या पुतळ्यापाशी थांबते आणि परतीची संध्याकाळची बस भरलेली असते, म्हणून अर्धा तास आधी जाऊन रांगेत उभं राहावं.