व्ह्यू-मॉडेल बाइंडिंग

व्ह्यू-मॉडेल बाइंडिंग : डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनच्या खिडकीतील चौकटी, याद्या, बटणे इत्यादी घटक, त्यांत दाखवायची माहिती सांभाळणाऱ्या व्ह्यू-मॉडेल नावाच्या ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टींशी (नाव असलेल्या मूल्यांशी) जोडण्याची पद्धत. जोडणी एकदा जाहीर केली की मूल्यांची ने-आण फ्रेमवर्क करते. व्ह्यू-मॉडेलला खिडकीची काहीच माहिती नसते, त्यामुळे ती न उघडताही त्याची चाचणी घेता येते.

मायक्रोसॉफ्टमधील जॉन गॉसमन यांनी २००५ मध्ये ही रचना ‘मॉडेल–व्ह्यू–व्ह्यूमॉडेल’ या नावाने मांडली. मार्टिन फाउलर यांचे ‘प्रेझेंटेशन मॉडेल’ (२००४) तिचे जवळचे नातलग. २००६ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीएफमुळे (विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन, मायक्रोसॉफ्टचे खिडक्या रचण्याचे फ्रेमवर्क) ती रुळली.

डब्ल्यूपीएफमध्ये खिडकीच्या ‘डेटाकॉन्टेक्स्ट’वर व्ह्यू-मॉडेल ठेवले की आतले घटक तेच वापरतात. झॅमल या खिडकीची मांडणी लिहिण्याच्या भाषेत प्रॉपर्टीचे नाव तेवढे लिहायचे. मूल्य बदलल्याचे मात्र फ्रेमवर्कला आपोआप कळत नाही. व्ह्यू-मॉडेलने ‘प्रॉपर्टीचेंज्ड’ इव्हेंटमधून तशी वर्दी द्यावी लागते. याद्यांसाठी ‘ऑब्झर्व्हेबलकलेक्शन’ असते. यादीत काय आले, काय गेले हे ती सांगते. पण यादीतल्याच एखाद्या ऑब्जेक्टची किंमत बदलली, तर ती वर्दी त्या ऑब्जेक्टने स्वतः द्यायची. नवखे बहुधा इथेच अडकतात.

जोडणी एकेरी (मूल्य फक्त खिडकीकडे जाते) किंवा दुहेरी (खिडकीतला बदल व्ह्यू-मॉडेलकडेही परततो) असते. मजकुराच्या चौकटीत ती मुळातच दुहेरी, तरी टाइप केलेले अक्षर लगेच व्ह्यू-मॉडेलपर्यंत पोहोचत नाही; फोकस चौकटीबाहेर गेल्यावर पोहोचते. शोधाच्या चौकटीला हे चालत नाही, म्हणून तिथे मूल्य केव्हा पोहोचवायचे हे ठरवणारे ‘अपडेटसोर्सट्रिगर’ बदलून ‘प्रॉपर्टीचेंज्ड’ करतात (नाव इव्हेंटचेच, काम निराळे). बटणे ‘आयकमांड’शी (आज्ञा दर्शवणाऱ्या ऑब्जेक्टशी) जोडतात; त्यातील ‘कॅनएक्झिक्यूट’ने नकार दिला की बटण आपोआप निष्क्रिय होते.

या पद्धतीची खरी खोट अशी, की सगळी जोडणी नावाच्या भरवशावर चालते. स्पेलिंग चुकले किंवा प्रॉपर्टीऐवजी फील्ड (ऑब्जेक्टमधले साधे चल) ठेवले, तरी कंपायलर तक्रार करत नाही आणि प्रोग्रामही कोसळत नाही. चौकट नुसती रिकामी राहते. चूक सांगणारी ओळ डीबगरच्या आउटपुटमध्ये पडून असते. सी शार्प ६ या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्तीतल्या, प्रॉपर्टीचे नाव कंपायलरकडून तपासून घेणाऱ्या ‘नेमऑफ’ने वर्दी देणारी बाजू सावरली, झॅमलची नाही. विंडोज १० च्या अ‍ॅपसाठी आलेली ‘एक्स:बाइंड’ ही जोडणीची निराळी लिखाणपद्धत नावे कंपाइल करतानाच तपासते. तिची मूळ रीत मात्र ‘वनटाइम’, म्हणजे मूल्य एकदाच घेण्याची, आहे. डब्ल्यूपीएफच्या सवयीने रीत न सांगता ती वापरली, तर खिडकी पहिल्याच मूल्यावर थांबून राहते.