एफवायबीए: नाशकातल्या आर्ट्सच्या पहिल्या वर्षामागची गोष्ट

आतेबहिणीने यंदा आर्ट्सला अ‍ॅडमिशन घेतली. तिच्या फॉर्मवर मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी (व्होकेशनल स्किल कोर्स), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा) असलं काय काय होतं, म्हणून तिने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकून विचारलं की "दादा यातलं काय भरू". मी पण बीएच केलंय, पण मलाही धड सांगता येईना. मग म्हटलं हे पहिलं वर्ष असं दर थोड्या वर्षांनी बदलतं का आणि आधी काय होतं ते एकदा लिहूनच काढू.

सुरुवात १९२४ पासून करावी लागते. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची, तिने नाशकात एचपीटी कॉलेज काढलं. त्याआधी कॉलेज शिकायचं तर पुणं नाहीतर मुंबई, म्हणजे ज्याच्या घरी पैसा त्यालाच. आज ज्याला सगळे कॉलेज रोड म्हणतात आणि जिथे आता कॉफी शॉपच जास्त दिसतात त्या रस्त्याला ते नाव या कॉलेजांमुळेच पडलं. तेव्हा पुणे विद्यापीठच नव्हतं, ते आलं १९४९ ला. त्यामुळे नाशकातला पोरगा डिग्री घ्यायचा मुंबई विद्यापीठाची, आणि शिकायचं सगळं इंग्रजीतून. कुसुमाग्रज एचपीटीचेच विद्यार्थी, कॉलेजात असतानाच त्यांच्या कविता छापून यायला लागल्या आणि १९३२ ला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात पण ते होते, तेव्हा वय २० च्या आसपास. पुढे वसंत कानेटकरांनी याच शहरात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. असे शिक्षक समोर असताना मागच्या बाकावर झोपणारे पण असतीलच म्हणा.

त्या काळी मॅट्रिक अकरावीला असायची, ती झाली की डायरेक्ट कॉलेज, आणि पुढे चार वर्षांनी बीए, मधे एक इंटरची परीक्षा. इंटरला नापास झालेले लोक प्रत्येक घरात एखादा तरी सापडतो, आमच्याकडे आजोबांचे धाकटे भाऊ. म्हणजे आता एनईपीवाले (नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) चार वर्षांची ऑनर्स डिग्री नवीन म्हणून सांगतात त्यातलं चार वर्षांचं गणित तरी जुनंच आहे.

महाराष्ट्राने १९७२ पासून १०+२+३ आणायला घेतलं, १९७५ ला दहावीची पहिली बॅच बाहेर पडली. माझ्या मते खरा घोळ इथे झाला. आधी जे विषयाची तोंडओळख करून देणारं पहिलं वर्ष कॉलेजात होतं ते निम्मं अकरावी-बारावीत गेलं आणि निम्मं एफवायला राहिलं. म्हणून अजूनही एफवायला बसलेल्या पोराला अर्धा सिलॅबस "हे तर झालंय की" वाटतो आणि उरलेला अर्धा डोक्यावरून जातो.

दुसरा मोठा बदल म्हणजे कॉलेजात कोण यायला लागलं. मराठा विद्या प्रसारक १९१४ ची संस्था, तिने १९६९ ला गंगापूर रोडला केटीएचएम सुरू केलं (कर्मवीर थोरात, हिरे, मुरकुटे, हे पूर्ण नाव नाशिककरांनाही पटकन सांगता येत नाही). दिंडोरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक इकडची पोरं एसटीचा पास काढून येऊ लागली. हळूहळू मराठीतून पेपर लिहिणं नॉर्मल झालं, फक्त पुस्तकातली मराठी वेगळीच. सार्वभौमत्व, संघराज्य, अधिमान्यता हे शब्द घरात कोण बोलतं? भाषा संचालनालयाने १९६० नंतर परिभाषा कोश काढले त्यातून ही भाषा रुळली. मराठी मीडियमच्या पोराला इंग्रजी तर परकं होतंच, त्यात पहिले दोन महिने आपलीच मराठी पण परकी वाटायची.

कॉलेजला जाणंच शक्य नाही त्यांच्यासाठी १९८९ ला मुक्त विद्यापीठ निघालं, हेड ऑफिस नाशकातच, गोवर्धनला. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी कोर्स करून बीएला बसता यायचं. आमच्या शेजारच्या काकू तशाच शिकल्या, रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचं आणि एरवी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता घटक वाचायचा.

माझं वर्ष २०१९ चं, सेमिस्टर आणि क्रेडिटची पहिली बॅच. विद्यापीठाला तेव्हा सावित्रीबाईंचं नाव लागून पाच वर्षं झाली होती. प्रत्येक विषयाचा एक जनरल पेपर, त्याला सगळे जी-वन (G-1) म्हणायचे, आणि स्पेशल विषय एसवायला म्हणजे दुसऱ्या वर्षी ठरवायचा. ७० चा पेपर, ३० इंटर्नल, वर लोकशाही, निवडणूक व सुशासन नावाचा एक कंपल्सरी कोर्स. आधी वर्षभर टंगळमंगळ करून मार्चमध्ये रात्री जागवायची सोय होती ती गेली. इंटर्नल ऑक्टोबरमध्ये लागायची, आणि ऑक्टोबरमध्येच दिंडोरीकडे द्राक्षाची छाटणी. माझ्या बाकावरचा मित्र सकाळी कॉलेज आणि दुपारी बाग असं करायचा, काड्यांना लावायच्या पेस्टने त्याची बोटं रंगलेली असायची आणि तसाच तो राज्यघटनेच्या सरनाम्यावर उत्तर लिहायचा, त्याच्या उत्तरपत्रिकेच्या कडेला कायम डाग. आमच्या कॉलेजात इंटर्नलची तारीख आदल्या दिवशी ग्रुपवर पडायची, त्याची एक टेस्ट अशीच बुडाली. सेम टू तर लॉकडाऊनमध्येच गेलं, पेपर झालेच नाहीत.

आता संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून एनईपी. एक वर्ष करून सोडलं तरी सर्टिफिकेट, दोनला डिप्लोमा, तीनला डिग्री, चारला ऑनर्स. ओई मात्र दुसऱ्या फॅकल्टीतून घ्यायचा, म्हणजे आर्ट्सच्या पोरीने कॉमर्स किंवा सायन्सचा काहीतरी. कल्पना मला आवडली, फक्त कॉलेजात शिकवायला माणूस असेल तोच ओई मिळतो हे बहिणीला पहिल्याच आठवड्यात कळलं. आजोबांच्या भावाला हे सगळं समजावून सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "यात इंटर कुठं येते?"